मागच्या चाकातली पट्टी

मुलुंडहून गोराईला सायकलने कोणी जातं का? आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला हेच विचारलं, आणि वर "या वयात?" हे जोडायलाही विसरल्या नाहीत. जातं बाई. आम्ही गेलो. मी अठ्ठावन्नची, हे त्रेसष्टचे, दोन सायकली, तीन दिवस. लोक लडाखला जाऊन आले की लिहितात, मी गोराईला जाऊन आले म्हणून लिहितेय. ज्यांना जायचंय त्यांना रस्ता सांगतेच, पण खरं सांगू, माझा जीव रस्त्यावर नव्हताच. तो सगळा वेळ यांच्या मागच्या चाकात अडकला होता.

मुलुंड

आधी भांडण सांगते, म्हणजे प्रवास कळेल.

यांना सायकलचं वेड पहिल्यापासून. रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर मारून यायचे, मग चहा. गेल्या वर्षी असेच गेले असताना कांजूरमार्गला रस्त्याच्या कडेला मागचं चाक पंक्चर झालं. यांनी ट्यूब बदलली, आणि हातपंपाने हवा भरता भरता छातीत कळ आली. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने उचलून हॉस्पिटलात नेलं म्हणून हे आज आहेत. मला फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. तोच फोन मी अजून वापरते. त्याच्या बटणाच्या फटीत अजून कणीक आहे.

बायपास झाली. सायकल चार दिवसांनी कोणीतरी घरी आणून दिली. मागचं चाक अर्धंच फुगलेलं होतं, हे जिथे थांबले तिथेच थांबलेलं. मी ते कोणाला भरू दिलं नाही. हातपंप माळ्यावर टाकला. येता-जाता मी त्या टायरवर अंगठा दाबून बघायचे. अंगठा पार आत जायचा.

वर्षाने डॉक्टर म्हणाले, "चालवा की सायकल, बेताने." डॉक्टरांचं काय जातंय! मी घरी येऊन आकांडतांडव केलं. हे चार दिवस गॅलरीत बसून राहिले. पाचव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "नंदा, मला असं रोज सकाळी गॅलरीत बसवून ठेवू नकोस गं."

आवाज चढवून बोलले असते तर मी दोन हात केले असते. हळू बोलले, तिथेच माझी पंचाईत झाली.

शेवटी तह झाला. दोघांनी मिळून गोराईला जायचं. का गोराई? आम्ही बोरिवलीला राहायचो तेव्हा मी हिराबाईकडून मासे घ्यायचे. ती गोराईची कोळीण. यांच्या ऑपरेशननंतर तिने दोनदा मासळी घेऊन मुलुंडपर्यंत माणूस पाठवला होता, आणि बरा झालो की सायकलने येऊन आभार मानीन असं यांनी फोनवर तिला सांगून ठेवलं होतं. तर जाऊन यायचं, आणि वाटेत एकही पंक्चर झालं नाही तर हे पुन्हा रोज सकाळी एकटे जाणार, मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. एक जरी पंक्चर झालं, तर परत येताना सायकल कांदिवलीला यांच्या बहिणीकडे, शोभावन्संकडे ठेवून यायची, त्यांच्या मुलाला, केदारला. कायमची.

"कबूल," हे म्हणाले. एका शब्दात.

यांनी हरावं असं मला वाटत नव्हतं. पण जिंकावं असंही मनापासून वाटत नव्हतं, हे आता लिहून टाकते.

मग टायर घ्यायला आम्ही मणिलालभाईंच्या दुकानात गेलो. मुलुंडात सायकलवाले पुष्कळ आहेत, पण मणिलालभाई वस्तू विकण्याआधी वाद घालतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास.

"असा टायर द्या की पंक्चर होणारच नाही," मी म्हटलं.

"आहे ना, भाभी. हा भरीव. आत ट्यूब नाही, हवा नाही, नुसतं रबर. खिळ्यावरून न्या, कायपण होत नाही."

"हाच द्या."

"पहिला उचलून तर बघा. किती जड आहे! रस्त्यातला एकेक खड्डा थेट पाठीत येणार, आणि चढावर साहेबांचा दम निघणार. पंक्चर वाचवाल आणि माणूस दमवाल."

मी टायर उचलून बघितला आणि खाली ठेवला. हे शेजारी उभे राहून घंट्या वाजवून बघत होते, जसा काही यांचा संबंधच नाही.

मणिलालभाईंनी मग सगळी शाळाच घेतली. अगदी बारीक रेसवाला टायर हलका, झकास पळतो, पण आपल्या रस्त्यावरच्या काचांपुढे त्याचा निभाव लागत नाही. ट्यूबमध्ये एक हिरवा चिक भरून मिळतो, त्याने बारीक भोक आतल्या आत बुजतं. मोठं पडलं तर पँट हिरवी. शेवटी मधला टायर ठरला. रुंदीला बेताचा, रबराच्या आत चिवट धाग्यांचा पट्टा विणलेला. त्यात जाड ट्यूब, आणि हवा भरायचं तोंड मोटरसायकलसारखं, म्हणजे कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा मिळते.

"आणि एक लक्षात ठेवा, भाभी," सायकलला टायर चढवून देताना ते म्हणाले, "काट्याने होतात त्यापेक्षा जास्त पंक्चर कमी हवेने होतात. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब चिमटते. आठवड्यातून एकदा हवा बघा, निम्मं काम झालं."

एवढं झाल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण मी पडले मालवणी गिरणी कामगाराची पोर. माझे बाबा रोज सायकलने गिरणीत जायचे, आणि त्यांच्या टायरच्या आत कायम जुन्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी असायची, टायर आणि ट्यूबच्या मध्ये. "चेडवा, काटो भायरसून येता, म्हणान पट्टी भुतूर," असं मला सांगायचे. त्यांचं चाक कधी बसलेलं मला आठवत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी हे केस कापायला गेले. मी दार लावून घेतलं, सायकल उलटी केली, चमच्याच्या दांड्याने मागच्या टायरची एक कड सोडवली. जुनी ट्यूब कात्रीने उभी कापली आणि आत सरकवत नेली. टोकं बोटभर एकमेकांवर चढली. चढेनात का, मी म्हटलं. हातपंपाला तर मी शिवणार नव्हते, म्हणून सायकल ढकलत पेट्रोल पंपावर नेऊन हवा भरून आणली. हे परत आले तेव्हा मी भाजी चिरत होते. पुढच्या चाकाला पट्टी पुरली नाही. यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते, आणि मला स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं.

कांजूर ते कांदिवली

दिवाळी होऊन गेली होती, सकाळची हवा छान होती. रविवार असल्यामुळे रस्ते बऱ्यापैकी मोकळे. भांडुप मागे टाकून कांजूरला आलो तसा यांनी वेग कमी केला.

"इथेच," हे म्हणाले.

"माहितीय. पुढे बघा."

मी मात्र बघितलं. एक टपरी, एक पिंपळाचं रोप, आणि डांबरावर काचांचा चुरा. एवढीशी जागा. वर्षभर मी ती मनात केवढी मोठी करून ठेवली होती. काचा चुकवून आम्ही पुढे निघालो.

पवईच्या चढाला हे पुढे, मी मागे. मी यांच्या पाठीकडे बघत पायडल मारत होते. शर्ट घामाने भिजत चालला होता, आणि हे काहीतरी पुटपुटत होते.

"काय हो, काय पुटपुटताय?"

"काही नाही. मोजतोय."

"श्वास?"

"हं."

डॉक्टरांनी सांगितलं असेल, मला वाटलं. तलावापाशी थांबून आम्ही घरून आणलेले पोहे खाल्ले. मी हळूच मागच्या टायरवर अंगठा दाबला. दगडासारखा. मनात म्हटलं, बाबा, तुमची पट्टी चालली बरं का.

जोगेश्वरीला घोळ माझाच झाला. ओढणी मागच्या चाकात गेली आणि मी सिग्नलवर साष्टांग नमस्कार घालता घालता वाचले. यांनी खिशातल्या चाकूने ओढणी कापून सोडवली. "पंक्चर झालं नाही, पण वाट लागली," मी म्हटलं. उरलेली अर्धी ओढणी मी फेट्यासारखी डोक्याला बांधली, आणि कांदिवलीला शोभावन्संनी दार उघडून मला ओळखलंच नाही.

शोभावन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांचं माहेर, म्हणजे माझं सासर, साताऱ्याकडचं. तिकडे पाहुणा आला की आधी गूळ-पाणी, मग तासभर चौकशी, मग जेवण. आमच्या मालवणात आधी "जेवलंस?" विचारतात आणि चौकशी मासा खाता खाता होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी त्या गूळ-पाण्यानंतरच्या तासात माझ्या पोटात कावळे ओरडतात. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र अशी होती की मी वन्संना सगळं माफ केलं.

संध्याकाळी केदार बाहेरून आला. चोवीस वर्षांचा, मामाचा लाडका. हे त्याला सायकलजवळ घेऊन गेले आणि गिअर कसे, ब्रेक कसे, चेनला तेल किती, सगळं दाखवू लागले. लेकीला सासरी पाठवताना तिच्या सवयी सांगाव्यात, तसं चाललं होतं. "हिचा मागचा ब्रेक जरा हळवा आहे रे, जोरात दाबू नकोस."

"मामा, अजून कुठे मला मिळालीय?" केदार हसला.

मी दारात उभी होते. मला ते बघवेना, मी आत जाऊन नसलेली भांडी घासायला घेतली.

गोराई

दुसऱ्या दिवशी बोरिवलीहून खाडीच्या धक्क्यावर गेलो. सायकली बोटीत चढतात, फक्त चढवताना कोणीतरी चाक धरावं लागतं. दोन्हीकडे तिवरं, मध्ये करडं पाणी, आणि वाऱ्याला सुक्या मासळीचा वास. ज्यांना हा वास सोसत नाही त्यांनी गोराईला जाऊ नये. मला तर तो लागला आणि भूक लागली. पलीकडे उतरलं की मुंबई संपते, बघा. नारळ, बैठी घरं, एखादा क्रूस, त्याच्यापुढे एखादी घुमटी, आणि दोरीवर ओळीने वाळत घातलेले बोंबील.

हे पुढे जात होते. छान चालले होते. अंगात वारं भरल्यासारखे, एक हात सोडूनसुद्धा. मी मनात म्हटलं, जाऊ दे, जिंकू देत यांना. हे मी अगदी मनापासून म्हटलं, आणि पाचव्या मिनिटाला हे थांबले.

"नंदा," मागे वळून म्हणाले, "गेली."

मागचा टायर जमिनीला टेकला होता.

हे हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. पिशवीतून पंप काढायला वाकले. माळ्यावरून कधी काढला होता कोण जाणे! मी तो हिसकावून घेतला. "खबरदार! हात लावाल तर बघा."

पंप माझ्या पिशवीत गेला आणि सायकल ढकलत आम्ही हिराबाईच्या घरी पोचलो. ती अंगणात उभीच होती.

"ये गो बाय, ये. कवाची वाट बघतंय मी! आन् भाऊ, बरं हाय ना आता?" तिने यांना आपादमस्तक न्याहाळलं, मग चाकाकडे बघितलं. "ह्ये काय झालं?"

माझं डोकं आधीच फिरलं होतं. "काय होणार? तुमच्या रस्त्यावर शिंगाळ्याचा काटा घुसला असेल, दुसरं काय!"

शिंगाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, त्या माशाच्या पाठीवर करवतीसारखा काटा असतो. पायात गेला तर आठवडाभर पाय जमिनीला टेकत नाही. माझं बोलणं ऐकून हिराबाईचा चेहरा पडला.

"आमचे वाटंवर? नाय गो बाय, नाय." तिने पडवीतला एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे धरला. आत मोडलेले काटे होते. "शिंगाला कापायचे आधी काटा मोडायचा, डब्यात टाकायचा. पोरं अनवानी फिरतान इथं. माझी सासू एक काटा खाली पडला तर जेवाया नाय द्यायची."

मी ओशाळले. ज्या बाईने आम्हाला मासळी पाठवली, आल्या आल्या तिच्याच दारात तिच्यावर आळ घेतला होता.

तिचे दीर पांडूदादा पडवीत जाळं विणत बसले होते. गावातली पंक्चरंही तेच काढतात. हातातली सुई ठेवून ते उठले, सायकल उलटी केली, टायरची कड सोडवली आणि आत हात घालून थांबले. मग हळूहळू ती काळी पट्टी बाहेर ओढली. साप बिळातून निघावा तशी ती निघतच राहिली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पांडूदादांनी ट्यूब बादलीतल्या पाण्यात फिरवली. पट्टीची टोकं जिथे एकावर एक आली होती, बरोबर तिथे बुडबुडे आले.

"काच नाय, काटा नाय," ते म्हणाले. "ह्या पट्टीची कड घासून घासून ट्यूब कापली. कोनी घातली ही?"

"मी," हे चटकन म्हणाले.

मी यांच्याकडे बघतच राहिले.

"भाऊ, घालायची तर कडा कानशीनं घासून पातळ करायच्या, टोकाला टोक भिडवायचं, पावडर लावायची. आन् ह्यो टायर तर आतून पट्ट्याचाच हाय, याला कशाला पायजेल? जुन्या जाड टायरात चालायचं ते."

कडा घासायच्या. पावडर लावायची. बाबा ते कधी करायचे? मी शाळेत असताना करत असतील. मी फक्त पट्टी आत जाताना पाहिली होती, आणि तेवढ्यावर चाळीस वर्षं मला वाटत होतं की मला सगळं येतं.

"यांनी नाही घातली," मी म्हटलं. "मी घातली. हे केस कापायला गेले होते तेव्हा. पांडूदादा, हे खोटं बोलतायत. हिराबाई, मी उगाच तुमच्या वाटेला नावं ठेवली. मीच केलं हे पंक्चर."

आणि मला रडू फुटलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, परक्याच्या अंगणात, डोक्याला अर्धी ओढणी बांधून. हिराबाईने हाताला धरून ओट्यावर बसवलं. हे शेजारी येऊन बसले.

"मला माहीत होतं," हे म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"मुलुंडच्या नाक्यावरच कळलं. चाकाच्या दर फेरीला सीटखाली एक ठोका बसत होता. पट्टी चढलीय तिथे. पवईच्या चढावर मोजत आलो."

"श्वास मोजत होतात ना?"

"ठोके मोजत होतो."

"मग काढली का नाही? पैज लागलीय, पंक्चर झालं तर सायकल जाणार, माहीत होतं ना तुम्हाला?"

यांनी माझ्या डोक्यावरची सुटलेली ओढणी सारखी केली. मग म्हणाले, "वर्षभर दुपारी मी वामकुक्षीला पडलो की तू भांडी टाकून येतेस आणि माझ्या नाकापाशी बोट धरून बघतेस. साबणाचा वास येतो गं हाताला. जाग येते मला. तेव्हा तरी मी कुठे डोळे उघडतो?"

पांडूदादांनी खाली मान घालून ट्यूबला ठिगळ लावायला घेतलं आणि हिराबाई "जेवन बघतंय" म्हणून आत गेली.

जेवण शिंगाळ्याच्याच कालवणाचं होतं. आमच्याकडे कालवणात नारळ हवाच, आणि बांगडा असला तर तिरफळ. हिराबाईने नारळाला हातही लावला नव्हता. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिंच, बस्स. तांदळाच्या भाकरीबरोबर ते असं काही लागलं की हे डॉक्टरांचं पथ्य विसरले, आणि मीही आठवण केली नाही.

जेवून अंगणात आले तर चाक लावून तयार होतं, हवा तेवढी भरायची होती. हे उठायला लागले. पांडूदादाही उठले.

"बसा," मी दोघांना म्हटलं. पिशवीतून हातपंप काढला. वर्षभर ज्याचं तोंड पाहिलं नव्हतं तो हातात घेतला, आणि मारू लागले. वीस झाले, चाळीस झाले. दंड भरून आले, घाम नाकावरून टपकायला लागला. हा माणूस त्या दिवशी एकटा, रस्त्याच्या कडेला, हे करत होता. मी मध्ये थांबले नाही. अर्ध्यावर तर मुळीच नाही. टायरवर अंगठा दाबला, तो आत गेला नाही, तेव्हाच सोडलं.

पांडूदादा ती पट्टी टाकून देणार होते. यांनी मागून घेतली आणि औषधांची पिशवी कॅरिअरला तिने घट्ट बांधली. "इथे चांगली धरते," म्हणाले.

परत

तिसऱ्या दिवशी सकाळी गोराईहून निघून कांदिवलीला आलो तेव्हा केदार खाली उभाच होता. पैजेचं वन्संनी त्याला सांगितलं होतं. यांनी सायकल स्टँडवर लावली, खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पैज ती पैज.

मी मध्येच किल्ली उचलली. "केदार, पैज तुझ्या मामाने हरलेली नाही, मी हरलेय. तू घरी जा, चहा ठेव."

"मग हरलीस तर देणार काय?" यांनी विचारलं.

"पंप," मी म्हटलं. "म्हणजे देणार नाही, ठेवून घेणार. हवा मी भरणार. तुम्ही रोज जा. वाटेत चाक बसलं तर कडेला बसून राहायचं, फोन करायचा, मी माझ्या सायकलने येईन. पंपाला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले. या वेळी डोळ्यांपर्यंत हसले.

त्याला आता तीन महिने झाले. हे रोज सकाळी एकटे जातात. पहिले आठ दिवस मी गॅलरीतून हलले नाही, नंतर हलू लागले. दर शनिवारी दोन्ही चाकांत हवा मी भरते. अजून एकदाच फोन आला, पवईहून. मी पोचले तेव्हा हे दगडावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते, आणि माझ्यासाठी निम्म्या ठेवल्या होत्या.

दुपारी भांडी टाकून मी अजूनही जाते. लबाडी कशाला करू, सवय गेलेली नाही. पण आता मी वाकून नाकापाशी बोट धरलं की हे डोळे न उघडता तेच बोट हातात घेतात आणि तसेच झोपी जातात. माझा हात ओला असतो, नळ तसाच वाहत असतो. मी हात सोडवत नाही.